बिनकेसाचं मांजर आणि गिरणीचा जावई

किन्हवलीच्या भातगिरणीची मोटर जळाली आणि ती बघायला मुरबाडहून सुयोग आला, तेव्हा त्याच्या पहिल्याच शिंकेने गिरणीतला दिवा विझला. बल्ब होता, तरी विझला! आता कुणी म्हणेल, वीज गेली होती... म्हणू दे.

दिवाळी नुकतीच सरली होती. नव्या भाताच्या गोण्या दारापर्यंत रचलेल्या, हवेत कोंड्याचा उबदार, गोडसर वास. गिरणीवाल्या कुंडलिकची एकुलती एक लेक नम्रता दचकून मागे सरली.

"कोंडा गेला वाटतं नाकात?"

"कोंडा नाय..." सुयोगने डोळे पुसले. "मांजर."

"मांजरं तर माळ्यावर हायत. तुमाला दिसली कशी?"

"दिसली नाय. पन तुमच्या ओढणीवर सकाळी एक झोपून गेलंय."

नम्रता चाट पडली. खरंच झोपलं होतं!

"अजून काय काय ओळखता नाकानं?"

"नाकानं फक्त मांजर. बाकीचं डोळ्यांनीच बघतो," असं म्हणून त्याने तिच्याकडे बघितलं... लाल, पाझरणाऱ्या डोळ्यांनी. तिला हसू आवरेना.

मोटर दुरुस्त झाली. पण का कोण जाणे, तिला दर आठवड्याला काहीतरी होऊ लागलं. एकदा फ्यूज उडाला, एकदा तार सुटली, एकदा तर नुसतीच रुसली. सुयोग यायचा, शिंकत शिंकत काम करायचा आणि सुजलेल्या नाकाने चहा प्यायचा.

"एवढा त्रास होतो तर येता कशाला?"

"मोटर बोलावते."

"मोटरीकडं फोन हाय का?"

"हाय ना! तुमच्याच नंबरवरून करते ती."

कुंडलिकला हे कळलं तेव्हा तो रागावला नाही. त्याची अट मात्र साधी आणि जीवघेणी होती. "मला एकच पोर. जावई इथं राहील नि गिरणी बघंल. गिरणी म्हटली की उंदीर, उंदीर म्हटले की मांजरं. जमत असंल तर बोल, नायतर तार जोड नि मुरबाडची एसटी पकड."

सुयोग पडलेल्या चेहऱ्याने गेला. परतला तो हातात टोपली आणि चेहऱ्यावर विजय घेऊन.

"ठान्याच्या एका बाईंनी दिलंय. जुनी मांजरं देऊन टाका, हे ठेवा. याला केसच नायत. केस नायत म्हंजे शिंक नाय!"

त्याने फडकं दूर केलं. भात घेऊन आलेली माणसं पुढे वाकली... आणि तशीच मागे सरकली. गुलाबी, सुरकुतलेलं, पळसाच्या पानाएवढ्या कानांचं काहीतरी टोपलीतून सगळ्यांकडे रोखून बघत होतं. एक गडी गोण्या तिथेच टाकून पळाला, तो आसनगाव स्टेशनापर्यंत थांबला नाही म्हणतात.

"अगो बाय!" नम्रताची आई सुंदरा किंचाळली. "कोनी सोललं गो याला?"

"काकू, हे जन्मापासूनच असं..."

ऐकतंय कोण? खरजेने केस गेलेलं म्हशीचं पारडू तिच्या ओळखीचं होतं. करंजाच्या तेलाची बाटली आली, मांजर शेपटापर्यंत चोळून झालं, गोधडीत गुंडाळूनही झालं. "आता बघ, महिन्याभरात कसे दाट केस येतात!"

"केस यायलाच नकोत ना, काकू!"

सुयोगने गोधडीतलं मांजर उचललं आणि थेट गालाला लावलं. नम्रताने श्वास रोखला. काहीच झालं नाही... अजूनही नाही... ती हसायला लागणार, तेवढ्यात त्याचं नाक थरथरलं. ती शिंक माहुलीच्या डोंगरावर आपटून परत आली! कुंडलिकच्या डोक्यावरची टोपी कोंड्याच्या ढिगात गेली.

"करंजाचं तेल उग्र असतं," सुंदरा घाईने म्हणाली. मांजराला गरम पाण्याने धुतलं, पुसलं, पुन्हा त्याच्या हातात दिलं. या वेळी मांजराने प्रेमाने त्याची मान चाटली आणि मानेवर बोराएवढ्या गांध्या उठल्या. डोळे तर सुजून मिटलेच.

नम्रताने त्याला स्कूटीवर मागे बसवलं आणि शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं.

"केसांवर कशाला खापर फोडता?" डॉक्टर म्हणाले. "त्रास होतो तो मांजराच्या थुंकीतल्या नि कातडीतल्या गोष्टीने. बिनकेसाच्या मांजरालाही जीभ असते, कातडी असते. कुणाला जरा कमी त्रास होईल, पण याला नाही."

डॉक्टरांच्या सुईने सूज उतरली, नाक मात्र वाहतच राहिलं. येताना तिच्या खांद्यावरचा त्याचा हात जरा घट्ट झाला होता.

"मिटला विषय," कुंडलिकने सांगून टाकलं. बिनकेसाचं मांजर एव्हाना सुंदराच्या मांडीवर घोरत होतं. "हे राहील. तो नाय." सुयोग एसटी पकडायला बाहेर जाऊन रस्त्याकडेला उभा राहिला.

"बाबा," नम्रता म्हणाली, "गिरणी जावयानंच चालवायची असं कोन बोललं? पट्टा कोन चढवतं? मी. भात कोन कांडतं? मी. मोटरीच्या तारा कोन सोडवतं? मी!"

"सोडवतं?"

"ते... असू दे! मी मुरबाडला नांदेन. रोज येऊन गिरणी चालवीन, नि सांजच्याला मागल्या दारी आंघोळ करून मगच घरात पाऊल टाकीन."

"मयताला जाऊन आल्यासारखी?"

"हो! रोज!"

कुंडलिकने टोपीवरचा उरलेला कोंडा झटकला. मग म्हणाला, "मुरबाडला पानी पुरंल ना गो तेवढं?"

नम्रता न्हाणीत पळाली. तिच्या प्रत्येक कपड्यावर कधी ना कधी मांजर लोळलेलं. म्हणून शेजारच्या रखमीकाकूंचं, मांजराला उंबऱ्यावरही न चढू देणाऱ्या बाईचं, धुतलेलं लुगडं नेसून, ओल्या केसांनी ती रस्त्यावर आली. सुयोगने आधीच रुमाल काढून ठेवला. ती जवळ आली... अगदी जवळ. शिंक आली नाही. तो मात्र शॉक लागल्यासारखा बघत राहिला.

"काय झालं हो?"

"तुमच्या... ओठाखाली तीळ हाय?"

"जन्मापासून!"

"मला आज दिसला. इतके दिवस मी तुमाला पान्यातूनच बघत होतो."

"मग? कोरड्या डोळ्यांनी बघून फसल्यासारखं वाटतंय?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. हातातला रुमाल खिशात घातला.

"आता तर मांजर नाय," तो म्हणाला, "तरी डोळ्यांत पानी येतंय."

"पूस मग," ती म्हणाली आणि लुगड्याचा पदर पुढे केला.