फॉर्म क्रमांक अठ्ठ्याऐंशी

हे खरं घडलंय. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राचं तर अजिबात नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो धर्मेश माझा सख्खा मावसभाऊ, आणि शेवटचा भाग तर मी माझ्या या दोन कानांनी ऐकलाय. पटलं तर वाचा. नाही पटलं तर पुढचं पान उघडा, माझं काही अडलेलं नाही.

बुधवार, १३ सप्टेंबर २००६. दुपारचे सव्वादोन. बदलापूर पूर्व, कात्रप, तिसऱ्या मजल्यावरचा त्याचा फ्लॅट.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. चांगलं लख्ख ऊन पडलं होतं.

पण आधी धर्मेश काय चीज आहे ते सांगतो, नाहीतर तुम्हाला उगाच त्याची दया येईल.

धर्मेश समाजशास्त्रात पीएच.डी. करत होता. कॉलेजात तात्पुरत्या जागेवर शिकवायचा. डॉक्टरेट मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर वर्षअखेर घरी. इतकं सरळ होतं. विषय काय, तर आमच्याच लोकांचा. बदलापूरच्या ज्या आगरी घरांच्या जमिनी बिल्डरांकडे गेल्या, त्या घरांतल्या विधवांचं पुढे काय झालं.

विषय चांगला होता हो. माणूस टुकार होता.

एकशे वीस बायकांना भेटायचं होतं. दर बाईमागे एक छापील फॉर्म. नाव, वय, शिक्षण, मुलं किती, जमीन कधी गेली, असं सगळं विचारून भरायचं. धर्मेशनं त्रेचाळीस भरले आणि २००५ च्या मे महिन्यात त्याचा जीव कासावीस झाला. "ऊन लागतं यार," म्हणाला. "आणि त्या बायका चहा पाजतात, मग रडत बसतात. फुकट टाइम जातो." हे शब्द त्याचे. याची स्वतःची आजी भातलावणीत कमरेतून मोडलेली, आणि याला बायकांच्या रडण्याचा कंटाळा!

उरलेले फॉर्म त्यानं घरी पंख्याखाली बसून भरले.

नावं मनाची, वयं मनाची, दुःखंही मनाचीच. निरक्षर बाई असली की अंगठा हवा. सगळे अंगठे त्याचेच. कधी डावा, कधी उजवा, कंटाळा आला तेव्हा पायाचासुद्धा. मला हसत हसत सांगायचा. "सगळेच करतात. कोण बघायला जातंय कुळगावात?" कुळगाव म्हणजे बदलापूरचाच जुना भाग.

खरंच कुणी बघत नव्हतं. त्याचे गाइड श्रीपाद सर. भला मोठा विद्वान माणूस, मासिकात फोटो बिटो. त्यांना दर महिन्याला उल्हासनगरहून दाल पकवानाचं पार्सल लागायचं, दिवाळीला पडद्यांचं कापड लागायचं. ते पोचलं की सर सही करायचे. प्रबंधाची पानं त्यांनी वजन बघायला तेवढी उचलली असतील.

आता अठ्ठ्याऐंशी नंबरचा फॉर्म.

नाव तुळशी. वय एकसष्ट. विधवा. निरक्षर. राहणार कुळगाव. मुलगे एक. मृत. कारण, जमिनीचा व्यवहार झाला त्याच आठवड्यात विहिरीत बुडून.

खाली रकाना होता, मुलाचे नाव. तिथे धर्मेशनं आडवी रेघ मारली. नाव सुचलं नाही म्हणून नव्हे. मावशी, म्हणजे त्याची आई, चहा घेऊन आली म्हणून.

एक अख्खं पोर जन्माला घातलं, त्याच ओळीत बुडवलं आणि वर चहात खारी बुडवून खाल्ली.

सरांना तुळशी भयंकर आवडली. "डेटा म्हणजे असा पाहिजे!" म्हणाले. पाचवं प्रकरण अख्खं तुळशीवर उभं राहिलं. धर्मेशनं एका चर्चासत्रात तिच्यावर निबंध वाचला, वाचताना त्याचा आवाजही भरून आला म्हणे. नाटक्या कुठला.

प्रबंध जमा झाला. बाहेरच्या परीक्षक होत्या नागपूरच्या एक वयस्क बाई. त्यांचं पत्र आलं. प्रबंध बरा आहे, पण फॉर्म अठ्ठ्याऐंशीच्या मुलाखतीची कॅसेट पाठवा. ती ऐकल्याशिवाय तोंडी परीक्षा घेणार नाही.

झाली ना पंचाईत!

धर्मेशनं डोकं चालवलं. त्याची आत्या, शालनआत्या, साठीची, विधवा. तिला त्यानं घरी बोलावलं आणि सांगितलं, मी विचारीन तशी तुळशी म्हणून उत्तरं दे.

आत्या ऐकून उठूनच उभी राहिली.

"पितर चालू हायत रं. मेलेल्या पोऱ्याच्या आयशीचा सोंग या दिसांत कराचा नाय."

"अगं, ती बाई नाहीच आहे आत्या. पोरगापण नाही. सगळं मीच लिहिलंय."

"मंग तर नायच नाय."

पण भाच्याच्या नोकरीचा प्रश्न. "माझं कायम होणं तुझ्या हातात आहे" असं म्हणून या बाबानं तिचे पाय धरले. बसली बिचारी.

तोच तो बुधवार. दुपारचं लोडशेडिंग सुरू होतं. पंखे बंद, टीव्ही बंद, खालची पिठाची गिरणी बंद. रेकॉर्डिंगला याहून चांगली वेळ नाही म्हणून धर्मेश खूश. मावशी माहेरी गेलेली. घरात दोघंच. टेपरेकॉर्डरमध्ये नव्या बॅटऱ्या घातल्या.

"नाव सांगा."

"तुळशी."

"मुलं किती?"

"येकच पोऱ्या व्हता. हिरीत गेला."

आत्या शिकवल्याप्रमाणे छान बोलली. वीसेक मिनिटं चाललं. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतोच, या लोकांची रीतच आहे ती. "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?" आत्यानं नुसती मान हलवली. धर्मेशनं बटण बंद केलं.

मग कॅसेट मागे नेली आणि लावली.

"नाव सांगा," धर्मेशचा आवाज.

आणि पुढे...

काहीच नाही.

"मुलं किती?"

...काहीच नाही.

त्याचे सगळे प्रश्न स्वच्छ ऐकू येत होते. आत्याचा एक शब्द नव्हता. खुर्चीची करकर होती, खाली कुणीतरी रिक्षाला हाक मारली तीही होती. आत्या नव्हती.

"मी बोलले ना रं?" आत्यानं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

धर्मेशला वाटलं माइकची भानगड. तो बंद करायला हात पुढे करणार, तेवढ्यात शेवटचा प्रश्न आला.

"तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?"

...

...

"माझ्या पोऱ्याचा नाव काय ठेवलास?"

म्हातारा, कोरडा आवाज. अगदी माइकजवळून.

आत्या भिंतीला टेकली. "यो माझा आवाज नाय," एवढंच म्हणाली.

धर्मेशनं परत मागे नेऊन लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा लावायला आत्यानं दिलं नाही, सरळ वायर ओढली. बॅटरीवर चालणाऱ्या टेपची वायर! इतकी घाबरली होती ती. मग धर्मेशनंच बटण दाबून टेप बंद केला.

"नाव घाल त्या पोऱ्याला," आत्या म्हणाली. "कुठलाबी घाल, देवाचा घाल. पन घाल. आयशीला आपल्या पोऱ्याला हाक मारता येत नाय रं, यो काय खेल हाय?"

आणि आमचे विद्वान काय म्हणाले ठाऊक आहे?

"संशोधनात नावं देत नसतात आत्या. गोपनीयता असते."

गोपनीयता! जे पोर जन्मलंच नाही त्याची गोपनीयता! घामानं शर्ट भिजलाय, आणि तोंडात पुस्तकातला शब्द. खरी गोष्ट अशी की प्रबंधात एक नाव घालायचं तर अख्खं पान परत टाइप करून घ्यावं लागणार होतं, आणि याला त्याचा आळस.

आत्या चहाही न घेता गेली. त्या दिवशी तिनं घरी कावळ्याला एक घास जास्त ठेवला. कुणाचा, ते तिला सांगता येईना.

धर्मेशनं कॅसेट फोडली आणि आतली फीत जाळली. विद्यापीठाला पत्र लिहिलं, ओल लागून कॅसेट खराब झाली. श्रीपाद सरांनी खाली लिहून दिलं, "मी ती स्वतः ऐकली आहे." सही, शिक्का. अशी ही माणसं.

तोंडी परीक्षेची तारीख पडली. १३ नोव्हेंबर, सोमवार.

त्याच्या आठवडाभर आधी धर्मेश विभागात जात होता, तेव्हा जिन्यातच हिरामण शिपाई म्हणाला, "सर, तुमच्याकडे एक आजी आल्यात. बाकावर बसवलंय."

"कोण?"

"नाव नाही सांगितलं. म्हणाल्या, त्या पोराला सांग, नाव घालायचं राहिलंय."

धर्मेशनं कॉरिडॉरमध्ये डोकावून बघितलं.

बाक रिकामा होता.

हिरामण म्हणाला, आत्ता तर होत्या. कॉरिडॉर इकडून तिकडे सरळ, जिना एकच, आणि जिन्यावर हे दोघं उभे. खाली जाणारं कुणी दिसलं नव्हतं.

तरी पठ्ठ्यानं एक ओळ बदलली नाही! पाच मिनिटांचं काम. पण नोकरी कायम व्हायला आली होती ना. आता प्रबंधाला हात लावला तर कुणी विचारील, इतक्या दिवसांनी नाव कुठून आलं? या भीतीपुढे ती दुसरी भीती त्याला लहान वाटली.

१३ नोव्हेंबर. सकाळी अकरा. विभागातला हॉल भरलेला. मागच्या टेबलावर दाल पकवानाचे डबे, कारण परीक्षेनंतर सगळ्यांना खायला घालायचं ते उमेदवारानंच. श्रीपाद सरांचं अर्धं लक्ष तिकडेच.

नागपूरच्या बाई हसऱ्या होत्या. म्हणाल्या, "माझी भाची अंबरनाथ पूर्वेला राहते. परवाच तिच्याकडे उतरले. कॅसेट खराब झाली म्हणालात, मग म्हटलं कुळगाव काय लांब आहे, आपणच जाऊन भेटावं त्यांना."

धर्मेशनं हातातला कागद टेबलावर ठेवला.

"भेटल्या?" श्रीपाद सरांनी विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना सगळं खरंच वाटत होतं.

"भेटल्या ना! चिंचेखालचं घर. चहा दिला. फार गोड बाई. तुमचं पाचवं प्रकरण शब्दन् शब्द खरं आहे हो, मी सगळं विचारून घेतलं."

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. धर्मेशनं फॉर्मवर चिंच लिहिली नव्हती. घर लिहिलं नव्हतं. नुसतं कुळगाव लिहिलं होतं.

"एकच तक्रार आहे त्यांची," बाई म्हणाल्या. "म्हणाल्या, माझ्या मुलाचं नाव कागदावर घातलं नाही. मी विचारलं, काय नाव? तर..."

बाई थांबल्या आणि हसल्या.

"तर म्हणाल्या, धर्मेश. योगायोग बघा!"

सगळे हसले. सरही हसले.

"तेवढी एक दुरुस्ती करा. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय. इथेच, तुमच्या हातानं लिहा, मी लगेच सही करते."

प्रबंध पुढे सरकवला गेला. तुळशीच्या फॉर्मचं पान उघडलेलंच होतं.

धर्मेशनं मला नंतर सांगितलं की त्या क्षणी सगळं कबूल करावं असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. नुसतं म्हणायचं होतं, ही बाई नाही, मी खोटं लिहिलं. डिग्री गेली असती, नोकरी गेली असती, छी थू झाली असती. बाकी काही नाही.

त्यानं पेन उचललं.

मुलाचे नाव, धर्मेश. त्याच्या वरच्याच ओळीत आधीपासून टाइप केलेलं होतं, मृत.

डिग्रीसाठी माणूस काय लिहील सांगता येत नाही.

बाईंनी सही केली. टाळ्या पडल्या. दाल पकवान संपलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि तो कुळगावात जाऊन आलो. चिंच होती. खाली मोकळी जमीन, आणि बिल्डरची पाटी. शेजारच्या माणसानं सांगितलं, इथे घर कधीच नव्हतं. तुळशी नावाची कुणी बाई त्याला माहीत नव्हती.

धर्मेशला काही झालं नाही. नोकरी कायम झाली, गाडी घेतली. फक्त एक खूळ शिरलं. मला कुणी नावानं हाक मारायची नाही, डॉक्टर म्हणायचं. मित्रांनीसुद्धा. मावशीनंसुद्धा! अख्ख्या कात्रपमध्ये त्याची चेष्टा झाली. डिग्री डोक्यात गेली म्हणे. सगळ्यांत जास्त मीच हसलो. चोरीची डिग्री, आणि आईकडून डॉक्टर म्हणवून घेतो!

२००८ च्या जानेवारीत एका रविवारी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. मावशी हॉलमध्ये मेथी निवडत होती. तो आत स्वयंपाकघरात जेवत होता. घरात तिसरं कुणी नव्हतं. मुद्दाम त्याला चिडवायला मी मोठ्यानं हाक मारली.

"ए धर्मेश!"

आतून...

"जेवतंय माझा पोऱ्या. मंग ये."

मावशी माझ्यासमोर बसली होती. तिचे ओठ बंद होते.

तिनं मान वर केली नाही. मेथीची काडी मोडत हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणत जा रे बाबा. नाव घेतलं की ती बोलते."

तेव्हापासून मीही त्याला डॉक्टरच म्हणतो.