कानामागची भोजली

बांध एका माणसापुरता. माणसं दोन.

रायपूरहून फिरायला येणारे सगळे पुलाजवळ गाड्या लावतात, नाला डाव्या हाताला ठेवून तीन गावं पार करतात आणि सात किलोमीटरचा फेरा पुरा करून पुन्हा पुलाशी येतात. क्षमा त्या रविवारी उलटी निघाली. कुणी सांगितलंच नव्हतं. आणि समोरून तो आला.

"जरा जाऊ द्या ना, भैया."

"भैया बोल दिया! अब तो कीचड़ में उतरना ही पड़ेगा..."

आणि खरंच उतरला. भाताच्या खाचरात, पोटरीपर्यंत. ती हसू दाबत पुढे गेली. मग मागे वळून बघितलं. मग... वळायची काही गरज नव्हती, तरी आणखी एकदा.

तो यशदीप. गुढियारीचा, रेल्वेत सिग्नलच्या कामावर. आजोबा भंडाऱ्याचे. घरात आई मराठीत ओरडणार, हा हिंदीत उत्तर देणार. क्षमाचं ऑफिस तेलीबांध्याला.

पुढचा रविवार — दोघं एकाच बाजूनं निघाले. 
त्याच्या पुढचा — पायात काटा गेला. तिच्या. काढला त्यानं. 
मग एका रविवारी तो आलाच नाही, आणि तीच वाट सरता सरेना. 
मग आला. "ड्यूटी थी," म्हणाला. तिनं विचारलं नव्हतं.

आणि मग राखीच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार.

"परसों जा रहा हूँ," पहिलं गाव मागे पडताना तो म्हणाला. "विशाखापट्टनम. दो साल."

"अच्छा."

(नको जाऊ.)

"तिकडे समुद्र आहे म्हणे."

(इथे मी आहे.)

"हाँ. है."

"मंग तर मजा आहे तुझी."

(. . . . .)

दुसऱ्या गावात बायका डोक्यावर टोपल्या घेऊन नाल्याकडे निघाल्या होत्या. टोपल्यांमध्ये भोजली — अंधाऱ्या खोलीत उगवलेले गव्हाचे अंकुर, ऊन न लागल्यानं पिवळेधमक. आज त्यांचं विसर्जन. पुढे विमलादाई. दर रविवारी तिच्याच अंगणात ही दोघं पाणी प्यायची. ती थांबली, दोघांकडे बघत कमरेवर हात ठेवला.

"ये नोनी तोर का लागथे गा?" ही पोरगी तुझी कोण लागते?

यशदीप म्हणाला, "दोस्त है, दाई."

"त भोजली बद लेव ना!" मग एकमेकांची भोजली व्हा ना!

बायका खळखळून हसल्या. रायपुरात वाढलेल्या क्षमाला ही रीत माहीत होती. एकमेकांच्या कानामागे भोजलीची पाती खोवायची, की मैत्री जन्माची होते. दोन घरांचं एक घर होतं. ती मोडत नाही. मग त्या दोन घरांत लग्नही होत नाही. एकाच घरात कसं होणार?

त्यालाही माहीत होती. तरी त्यानं टोपलीतली चार पाती खुडली. ओली, रेशमासारखी. तो जवळ आला. त्याची बोटं तिच्या कानाशी — इतके रविवार तिनं हा हात जवळ यायची वाट पाहिली होती, आणि आला तो असा...

तिनं मनगट धरलं.

"नको."

"काहे? हमेशा का रिश्ता है."

"म्हणूनच नको."

त्यानं आवाज खाली आणला. "मैं वहाँ, तू यहाँ... बाकी सब टूट जाता है, क्षमा. ये नहीं टूटता. पूरा गाँव गवाह रहेगा."

म्हणजे यानं विचार केला होता. रात्र रात्र केला असेल. तिला हरवायचं नाही, म्हणून तिला मागायचंच नाही.

"मले नाही पाहिजे असं पक्कं," ती म्हणाली. "तुटलं तर तुटू दे. पण मले तुझी भोजली नाही व्हायचं."

"तो क्या होना है?"

सगळ्या गावासमोर! तिचे कान तापले.

"काहून असा बावळटपणा करून राहिला रे, पोट्ट्या? इतकं बी समजत नाही तुले?"

विमलादाईनं त्याच्या हातातली पाती काढून घेतली, स्वतःच्या कानामागे खोवली. "जावव गा. ये तुँहर काम के नोहे." जा आता, ही भोजली तुमच्या कामाची नाही.

तिसरं गाव कधी गेलं, दोघांनाही कळलं नाही. तो चार पावलं पुढे, मान खाली घालून चालत होता. पुलाकडे परतताना नाला ओलांडायचा, तिथे गुडघाभर पाणी होतं. पाण्यात शिरताना क्षमाला वाटलं, संपलं. ना मैत्री राहिली, ना...

मधोमध तो थांबला.

"शनिवार को दोपहर तक की ड्यूटी मिले," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तो शाम की गाड़ी पकड़ सकता हूँ. सुबह-सुबह रायपुर. रात को वापस. सोमवार को सीधे ड्यूटी."

क्षमा त्याच्याकडे वळली.

"हर हफ़्ते नहीं होगा. महीने में एक... दो. रेस्ट जोड़ लूँ तो दो." तो बोटांवर जुळवत होता, पुन्हा पहिल्यापासून. मग एकदम घाबरून तिच्याकडे बघितलं. "और गाड़ी लेट हो गई तो?"

"तर मी स्टेशनवर बसून राहीन," क्षमा म्हणाली, आणि तिनं त्याची ती मोजणारी बोटं आपल्या हातात घेतली. "आता चाल. पाय गार पडले माझे."