दुसरी पंचमी

शांती नगरातल्या संघप्रियाच्या दुकानात आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर आधी कागदी टेपची पट्टी चिकटायची. तारीख, तक्रार, आणि मशीन कधी काय करतं त्याची वेळ, अगदी मिनिटासकट. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर विसंबू नये, हे ती बारा वर्षांत शिकली होती. नाचता गिऱ्हाइकाला येत नसतं, आणि अंगण हिच्याकडे दुरुस्तीला येतं.

सोमवारी सकाळी विनिता आपला जुना डेस्कटॉप रिक्षात मांडीवर घेऊन आली. भाईंदर पूर्वेला, खाडीकडच्या जुन्या गावातली ही मुलगी, बी.कॉम. झालेली. मशीन वडिलांचं होतं. ते, परशुराम, मिठागरावर होते आणि गेल्या वर्षी खाडीत गेले. तेव्हापासून आई भाजी विकून घर चालवत होती. शुक्रवारी तीन ते सव्वाचार विनिताची घरबसल्या परीक्षा होती, एका विमा कंपनीतल्या नोकरीची. वर्षभरात आलेलं हे पहिलंच बोलावणं होतं.

"ताई, शुक्रवारपर्यंत होईल ना? दुसरा चान्स नाय देत ते लोक."

"बुधवारी घेऊन जा," संघप्रिया म्हणाली.

नवं विंडोज त्या म्हाताऱ्या मशीनला झेपणार नव्हतं. तिने लिनक्स टाकायचं ठरवलं. फुकट, हलकं, आणि अर्ध्या तासात बसतं. डबा उघडला तर तळाशी पांढरी भुकटी जमलेली. तिने ब्रशने ती बोटावर घेतली, चिमटीत चोळली. मीठ होतं. मिठागरावरच्या माणसाच्या मशीनमध्ये मीठ असायचंच, म्हणून तिने ते झटकून टाकलं आणि दुपारी जेवण उरकून पेन ड्राइव्ह लावला. फाइली उतरायला लागल्या. दीड वाजता सगळं थांबलं. बाण हलेना, किबोर्डवरचा दिवा विझेना की पेटेना. बंद करून पुन्हा चालू केलं, तर पंखा फिरायचा आणि पडदा काळाच राहायचा. संध्याकाळपर्यंत ते उठलंच नाही. तिने पट्टीवर लिहिलं: सोम, १.३०.

मंगळवारी सकाळभर तिने रॅम तपासायला लावली. एकही चूक निघाली नाही. मग नवा पेन ड्राइव्ह घेतला. सव्वादोनला मशीन पुन्हा थांबलं.

"दीदी, फेंक दो ये डब्बा," शेजारचा मोबाइलवाला म्हणाला.

"डब्बा ठीक है," ती म्हणाली. "टाइम ठीक नहीं है."

हे ती थट्टेने बोलली होती. पण दुकान बंद करताना पट्टीकडे नजर गेली आणि ती शटर अर्ध्यावर धरून उभी राहिली. दीड, सव्वादोन. दोन्हींत बरोबर पाऊण तासाचं अंतर होतं.

बुधवारी तिने हार्ड डिस्क बदलली, रॅमही बदलली, वीजपुरवठ्याचा डबा बदलला, दुसऱ्या बोर्डावरून वीज घेतली. जुन्यातलं आता मदरबोर्ड आणि पत्रा एवढंच उरलं होतं. मग स्टूल ओढून ती मोबाइलमधल्या घड्याळासमोर बसली. दोन अठ्ठावन्न. दोन एकोणसाठ. तीनला बाण थांबला. तिला राग आला. भूतबाधेला थारा नसलेल्या, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात ती वाढली होती. कारण सापडत नाही म्हणजे आपण नीट शोधलं नाही, एवढंच ती मानायची. संध्याकाळी सहाला मशीन आपोआप शुद्धीवर आलं आणि लिनक्स बावीस मिनिटांत बिनबोभाट बसलं. तिने सुस्कारा सोडला. अडचण बसवण्यापुरतीच होती, असं तिने स्वतःला समजावलं.

गुरुवारी सकाळी विनिता मशीन घेऊन गेली. परीक्षेसाठी मशीनची नोंद करायची शेवटची मुदत दुपारी बारापर्यंत होती, आणि नोंदलेल्या मशीनवरूनच पेपर द्यायचा होता. तिने अकराला नोंद केली. चार वाजायच्या आत तिचा फोन आला.

"ताई, बंद पडलं. पावणेचारला."

संघप्रियाने दुकान मोबाइलवाल्याच्या भरवशावर टाकलं आणि रिक्षा धरली. केबिन रोडच्या गर्दीतून सुटून ती गावात पोचली तेव्हा विनिताच्या गल्लीत घोटाभर पाणी होतं. खारट वासाचं, गढूळ. मधे विटा टाकलेल्या होत्या, त्यांवरून ती घरात गेली.

विनिताची आई शालन उंबऱ्यात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. संघप्रियाने टेपची पट्टी वाचून दाखवली. दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार.

शालनचे हात थांबले.

"सोमवारी दुज व्हती," ती म्हणाली. "दोन पाऊणे दीड. तीज, सव्वादोन. चौथ, तीन. आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार."

"म्हणजे काय, मावशी?"

"भरती गो. तिथीची पाऊणपट केली का भरतीची येल निंगते. विनीचे बापूस पाऊणकीवरच चालायचे. बांधाला उघाडी हाय, पानी आत घ्यायची वाट. भरती भरायचे आत तिला फळी लावायची, ह्ये त्यांचं काम."

संघप्रियाने लगेच मोबाइलमध्ये भरतीचा तक्ता काढला. दमट हवा, पाणी उपसायच्या पंपांमुळे पडणारा विजेचा दाब, काहीतरी सापडेल असं तिला वाटलं. तक्त्यात आजची भरती तीन बाराला होती. समुद्राशी संबंध असता तर मशीन तीन बाराला थांबलं असतं. ते पावणेचारला थांबलं होतं. समुद्र पाऊणकी मोजत नाही. पाऊणकी माणूस मोजतो.

तिने तक्ता बंद केला.

"उद्या षष्ठी," विनिता रडवेली होऊन म्हणाली. "सहा पाऊणे साडेचार. माझा पेपर सव्वाचारला संपतोय. मग होईल ना, ताई?"

संघप्रिया भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. शुक्रवारच्या चौकोनातही पंचमीच छापलेली होती. या पक्षात पंचमी दोन दिवस होती.

"मग पुन्हा पावणेचारच," ती म्हणाली.

"न्हाय," शालन म्हणाली. "विनीचे बापूस क्यालेंडर बघायचे न्हाईत. आवसेपासून बोटांवर मोजायचे. त्ये गेले तवाबी दोन पंचम्या आल्यावत्या. त्यांचे बोटांवर षष्ठी झाली. साडेचारचे हिशेबानं चारला निंगाले, तवर पानी बांधावर चढलंवतं. फळी घेऊन गेले, फळीसकट गेले. ना त्ये गावले, ना फळी." ती जरा थांबली. "त्या सकाळी मी क्यालेंडर बघलंवतं. दोन दिस आमची बोलाचाल न्हवती. म्हणून सांगलं न्हाय."

विनिता आईकडे पाहत राहिली. हे तिनेही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

नोंद बदलून मिळत नव्हती. कंपनीच्या नंबरावर नुसती धून वाजत होती. मशीन त्याच बोटांवर चाललं तर साडेचारपर्यंत टिकणार होतं. मेलेल्या माणसाच्या चुकीवर हवाला ठेवून काम हातात घ्यायची संघप्रियाची ही पहिलीच वेळ होती.

शुक्रवारी ती अडीचलाच येऊन बसली. तीनला पेपर सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेला वेळ उलटा मोजला जात होता. विनिता भराभर उत्तरं देत होती. मशीन व्यवस्थित चाललं होतं. शालन उंबऱ्यातच होती, पण आज तिच्या पुढ्यात शेंगा नव्हत्या. ती एकदा कॅलेंडरकडे बघायची, एकदा मुलीच्या पाठीकडे.

साडेतीनला ती उठली.

संघप्रियाला वाटलं, पाणी प्यायला उठली असेल. शालन सरळ टेबलाशी आली, मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि हळू आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"अवो. आजबी पंचमीच हाय. बोटां मोजू नका. निंगा."

"मावशी!" संघप्रिया उठून उभी राहिली.

"आई, गप ना!" विनिताने मान वळवली नाही. तिचा हात चालूच होता.

शालनने हात काढून घेतला आणि परत उंबऱ्यात जाऊन बसली.

तीन चाळीस. अजून अठरा प्रश्न होते.

तीन त्रेचाळीस. पंख्याचा आवाज तोच होता.

तीन चव्वेचाळीस. काही होणार नाही, संघप्रियाने मनाशी म्हटलं, आणि आपण हे कुणाला समजावतोय ते तिचं तिलाच कळेना.

पावणेचार.

बाण थांबला. कोपऱ्यातला आकडाही थांबला. उरलेला वेळ तीस मिनिटं, शून्य सेकंद.

विनिता माउस हलवत राहिली. मग तिने तो खाली ठेवला.

"आई, काय केलंस?"

"वरीसभर तोंडात व्हतं गो," शालन म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. "आयकलं त्यांनी."

संघप्रियाने बटण दाबून पाहिलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. विनिताच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला फार वाटलं, पण पट्टीवरच्या वेळा वाचून दाखवणारी तीच होती. ती चपला घालून बाहेर पडली.

चार वाजले होते. काल याच सुमाराला गल्लीत घोटाभर पाणी होतं. वर्षभर रोजच्या भरतीला असायचं, उघाडी उघडी होती म्हणून. आज विटा कोरड्या होत्या. खालची मातीही कोरडी होती.

ती रिक्षाकडे वळायची ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे चालत गेली. तिथून बांध सुरू होत होता. मिठागराचे वाफे रिकामे, ओस पडलेले. उघाडीपाशी ती थांबली.

पाण्याच्या वाटेत फळी बसवलेली होती. जुनी, काळी पडलेली, कडेला शंख-शिंपल्यांची खरबरीत पुटं चढलेली.

पलीकडे पाणी फळीच्या माथ्यापर्यंत आलं होतं. अलीकडे थेंब नव्हता. फळीच्या फटी चिखलाने बुजवलेल्या होत्या, पण अलीकडून कुणी हात लावल्याची खूण नव्हती. चिखल पलीकडून, पाण्याच्या बाजूने भरलेला होता.

ती वाकून बघत राहिली. एका फटीतून चिखल अजून आत येत होता, एका वेळी बोटाच्या पेराएवढा.