पहिल्या दंडाचा ताप

गयाबाईंना ताप भरल्याचं बोळाला थर्मामीटरच्या आधी कळलं. भर वैशाखात इथलं नेट रांगत असतं. त्या दिवशी सगळ्यांचे फोन एकदम सुसाट सुटले. समोरच्या शोभाकाकू दारातूनच ओरडल्या, "अश्विनी, सासूच्या कपाळाला हात लाव गं!" अश्विनीने लावला. चटका बसला.

बोळ इतका चिंचोळा की तार घालणं परवडत नाही म्हणून सगळ्या कंपन्यांनी हात वर केले होते. मग ऊबपट्टी आली. ती दंडाला चिकटवायची. माणसाचं अंग ऊबदार, बाहेरची हवा गार. त्या फरकातून पट्टी चिमूटभर वीज काढते आणि तिच्यावर नेट या दंडावरून त्या दंडावर उड्या मारत घरोघर पोचतं. तारेची गरजच नाही, फक्त माणसं दाटीने राहायला हवीत, आणि बोळात दाटीला काय तोटा! थंडीत नेट पळायचं. उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापली की फरक उरायचा नाही.

गयाबाई रस्त्याकडच्या पहिल्या घरात दिवसभर बसून असत. रस्त्यावरच्या मनोऱ्यातून नेट आधी त्यांच्या दंडावर उतरे, मग आत. जिला आयुष्यात कधी फोन लावता आला नाही, तिच्यावर अख्ख्या बोळाचं नेट अडलेलं. आता बोला!

अश्विनीने तापाची गोळी काढली, तेवढ्यात शोभाकाकू आत आल्या. "आत्ताच देतीस? तेजलची परीक्षा होऊ दे की. ताप काय, आज हाय, उद्या न्हाई."

तेजल अश्विनीची मुलगी. दुपारी तिची नर्सिंगची प्रवेशपरीक्षा होती, घरूनच, पडद्यासमोर. मध्ये नेट तुटलं की कॉपी केली असं धरून बाद करत. गेल्या उन्हाळ्यात ती अशीच बाद झाली होती. अश्विनीचा हात थबकला.

ऊबपट्टी तयार करणाऱ्या डॉ. भडभडे जेवणवेळेआधीच धावत आल्या. या बोळातल्या नेटच्या वेगाचे आकडे पाहून त्यांना राहवेना.

"ताप आहे होय!" त्या गयाबाईंचा दंड तपासत म्हणाल्या. "अंग तापलं, फरक वाढला. पहिल्या पट्टीला जोर आला की पुढच्या दुबळ्या पट्ट्यांवरूनही ती नेट ढकलते. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं."

"मग मॅडम, ताप उतरला की?" अश्विनीने विचारलं.

"पुन्हा रडतखडत." बोलता बोलता डॉक्टरीणबाईंनी अश्विनीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई, औषध दिलंत ना? या वयात ताप अंगावर काढायचा नसतो."

"दिलं की," अश्विनी म्हणाली. गोळीची मूठ तिने पदराआड घेतली.

दुपारभर ती आतबाहेर करत राहिली. तेजल पडद्याला डोळे लावून बसलेली. गयाबाई कण्हत म्हणाल्या, "अश्विनी, घसा कोरडा पडलाय. ती गोळी दे की गं."

"आणते हं, आत्या." पाणी तिने आणलं. गोळी आणली नाही. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी एक डोळा फोनवरच्या दांड्यांवर होता.

परीक्षा सुरळीत झाली. अश्विनीने धावत जाऊन गोळी दिली, रात्रभर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवल्या, देवाची माफी मागितली. पहाटे ताप उतरला. बोळातलं नेट पुन्हा रांगू लागलं. येणारा-जाणारा दारात थांबून विचारी, "उतरला होय?" आणि हिरमुसून पुढे जाई.

चार दिवसांनी निकाल लागला. तेजल पास! फक्त मुलाखत राहिली, तीही पडद्यावरच.

मुलाखतीच्या सकाळी गयाबाई उठून बसल्या, चहा मागितला. "आज बघ कसं हलकं वाटतंय." अश्विनीने त्यांच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा!"

आपलेच शब्द ऐकून ती चरकली. पण हात थांबले नाहीत, टोपलीकडे गेले. शाळा बुडवायला लहानपणी काखेत कांदा धरून ताप आणायचा, हे बोळातल्या पोरासोरांनाही ठाऊक.

सोललेला कांदा घेऊन ती सासूजवळ येऊन उभी राहिली.

गयाबाईंनी कौतुकाने वर पाहिलं. "पोरीसाठी गोडाधोडाचं करायचं सोडून कांदा कशाला गं सोललास?"