निम्मी ऊब

लडाखमधल्या चांगथांगच्या उजाड पठारावर उभ्या असलेल्या त्या घरगाडीत संध्याकाळी दोनपैकी एकच बिछाना गरम झाला, आणि नेमका विश्राम नाडगौडांचा गारच राहिला.

त्यांनी गादीखालच्या, विजेवर तापणाऱ्या उबपटावर पुन्हा एकदा तळहात ठेवून पाहिला. थंडगार. समोरच्या बिछान्यावर त्यांच्या पत्नीची, कुमुदताईंची शाल घडी घालून ठेवलेली होती आणि तिथला उबपट मात्र छान तापला होता. कुमुदताईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या बिछान्यावर त्यानंतर कुणी बसलं नव्हतं. खुद्द नाडगौडाही नाहीत.

टपावरच्या सौरपटलांना कित्येक दिवसांत धड ऊन मिळालं नव्हतं. ढग हलायचं नाव घेत नव्हते. अशी टंचाई कुमुदताई गेल्यापासून पहिलीच. विद्युत्कोष तळाला गेला की गाडीतली वीज वाटायचं काम 'कारभारी' आपल्या हातात घेई. कारभारी म्हणजे विद्युत्कोषाशेजारी बसवलेला छोटासा यंत्रमेंदू. दिवे, किटली, पंप अशी किरकोळ बटणं तो माणसाला वापरू देई, पण सगळ्यात जास्त वीज खाणारी ऊब कुणाला द्यायची हे टंचाईत तोच ठरवी. तिथे तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. ही सक्ती मुळात नाडगौडांचीच कल्पना. 'नाहीतर जो तो पांघरूण आपल्याकडे ओढणार,' असं ते प्रयोगशाळेत सगळ्यांना ऐकवायचे. आता स्वतःच्याच शहाणपणापायी कुडकुडायची वेळ आली होती.

त्यांनी पुण्याला रेहाना तांबोळीला संपर्क केला. ती एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी. कारभाऱ्याची जुळणी दोघांनी मिळून केली होती.

“कारभारी त्याच्या फलकावर माणसं किती दाखवतोय, सर?”

“एक.”

“मग बरोबर आहे की.”

“आकडा बरोबर आहे गं. पण ऊब कुमुदच्या बिछान्याला देतोय.”

रेहाना थोडा वेळ आपल्या पडद्यावर कारभाऱ्याच्या नोंदी तपासत राहिली. मग जपून बोलू लागली.

“सर, कॅमेरा नको, माईक नको, घरात कुणी डोकावायला नको, असं तुम्हीच म्हणाला होतात. त्यामुळे कारभाऱ्याला माणूस दिसत नाही, फक्त विजेचा वापर कळतो. चालण्यावरून आपण लांबूनही माणूस ओळखतो ना, तसं. कोण किटली किती भरतं, कोण दिवा कधी मालवतं, त्यावरून तो ओळखतो. आपण त्याला वीजचाल म्हणायचो.”

“मला शिकवतेस?”

“नाही सर. सांगतेय. तुमच्या गाडीत त्याला एकच वीजचाल दिसतेय. ती ताईंची आहे.”

नाडगौडांनी शालीकडे पाहिलं. “म्हणजे त्याच्या लेखी मी गेलो. कधी?”

“ताई गेल्या त्याच आठवड्यात.”

“काहीतरीच. वर्षभर इथे राहतोय कोण मग?”

“राग मानू नका, पण तुमची चाल काय होती ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का? दिवा लावायचा आणि उठून जायचं. पंप चालू ठेवायचा आणि वाचत बसायचं. थोड्या वेळाने मागून कुणीतरी येऊन बंद करायचं. ती ताईंची चाल. आता तुम्ही काहीच चालू सोडत नाही.”

“सोडून कसं चालेल? बंद कोण करणार?”



“आज ताईंच्या बिछान्यावर झोपा,” रेहाना म्हणाली.

“नाही.”

“मग मी लेहहून गाडी मागवते, खाली या. या थंडीत, या वयात गार गादीवर झोपू देणार नाही मी तुम्हाला.”

एकदा खाली गेलं की आपल्याला कुणी पुन्हा वर येऊ देणार नाही, हे नाडगौडा पुरतं जाणून होते. घरगाडीला कुलूप लागेल. पडद्यांच्या कापडापासून चुलीच्या जागेपर्यंत सगळं कुमुदताईंनी ठरवलेलं हे घर कुठल्यातरी आवारात गंजत पडेल. त्यांनी एका दिवसाची मुदत मागून घेतली.

“ठीक आहे,” रेहाना म्हणाली. “उद्याचा दिवस पूर्वीसारखे वागा. कारभारी तुम्हाला ओळखेल.”

ती रात्र त्यांनी घरातलं असेल नसेल ते पांघरून खुर्चीतच काढली. सकाळी चुलीजवळचा दिवा लावला, तो तसाच सोडला आणि येऊन पुस्तक उघडलं. वाचन कसलं होतंय. सगळं लक्ष त्या दिव्याकडे. ते कान देऊन बसले होते आणि कशासाठी बसलो आहोत हे कळल्यावर त्यांना गलबलून आलं. 'अहो, सूर्य काय आपल्या घरी कामाला आहे?' असं म्हणत कुमुदताई दिवा मालवायच्या. आवाजात राग नसायचा. नाडगौडांनी फार वाट पाहिली. मग उठले आणि दिवा मालवून आले.

दिवसभर हेच चाललं. पंप सोडायचा, बसायचं, थोड्या वेळाने उठून बंद करायचा. किटलीचं तेच, न्हाणीच्या दिव्याचं तेच. वर्षभरात इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी आपल्या गादीखाली हात घातला. कोमट लागली. समोरचीही कोमटच होती. फलकावर आकडा होता दोन.

रेहानाने स्वतःहून संपर्क केला. “सर, थोडा घोळ झालाय. तुम्ही दिवे चालू सोडलेत, कारभाऱ्याने तुम्हाला लगेच ओळखलं. पण मागोमाग कुणीतरी ते बंद करत गेलं. म्हणजे ताईही आहेत, असं धरून त्याने ऊब निम्मी निम्मी वाटलीय. उद्या चालू सोडा आणि अजिबात उठू नका. सगळी ऊब तुम्हाला मिळेल.”

“निम्मी पुरेल मला.”

“पण मोजणी चुकलीय, सर.”

“मोजणी बरोबर आहे, रेहाना. गाडी पाठवू नकोस.”

त्यांनी संपर्क बंद केला. चुलीजवळचा दिवा लावला, तो तसाच सोडला आणि आपल्या कोमट गादीवर येऊन वाचत बसले. थोड्या वेळाने उठायचं होतंच.