गळ्यातली चावी

"ज्यानं कुणी मेल्या माणसाचं म्हणून ते घड्याळ नंदुरबारला आणलं, त्यानं आधी एवढं सांगायला हवं होतं, की माणूस खरंच मेला होता का."

छगनबाबांनी विडी विझवली. म्हसावदच्या त्या ओट्यावर आम्ही चौघं होतो.

"हसू नका. तुमच्या कॉलेजात भुतं नसतात, ठाऊक आहे मला. पण दोधू माझा सख्खा मावसभाऊ, आणि दोधू खोटं बोलत नसे."

१९३८ सालच्या डिसेंबरची दहा तारीख, शनिवार. दोधू नंदुरबार स्टेशनात दिवाबत्तीला होता. काम सुटलं की तो स्टेशनच्या घड्याळाशी आपलं खिशातलं घड्याळ जुळवायचा आणि बशीर घड्याळजीच्या दुकानी वेळ पोचवायचा. बशीर त्यावर गावाची घड्याळं लावी. त्या रात्री नऊला दोधू असाच गेला.

टेबलावर लाकडी पेटी होती. आत पितळी डबीत पांढरी तबकडी. स्विस बनावटीचं, जहाजावरचं घड्याळ. बंद पडलेलं. बशीरचा धाकटा भाऊ अनीस खलाशी. जहाज बुडालं, त्यातून वाचून तो घरी आला तो ही पेटी घेऊन, जहाजावरच्या मेल्या साहेबाची म्हणून. चुनीलाल शेठला अशा घड्याळांचा भारी नाद. रविवारी सकाळी तो पाहायला येणार होता.

"याले एकच साहेब चावी दे," अनीस सांगत होता. "विलायतमा रातना आठ वाजनात का, म्हंजे आपला दीड. साडेसात फेरा. दुसरानी हात लावाना नही."

"मंग चावी कोठे शे?" बशीर नवी चावी कानशीनं घासत होता.

"साहेबना गळामा, दोरीले बांधेल व्हती. काढाले येळ नही भेटना."

कानस थांबली.

"मरेल मानूसना गळामाईन चावी काढाले कितला येळ लागस रे?"

अनीसनं पेटी जवळ ओढली.

"तो जित्ता व्हता आन् तू पेटी हिसकाई लिधी, आसं व्हई तर या घरमा तुले जागा नही. खा अल्लानी कसम."

"मरेलच व्हता, भाई. अल्लानी कसम."

नवी चावी काही बसेना. बशीरनं पेटी मिटली. थंडी मरणाची होती. दोधूही तिथेच, दुकानात आडवा झाला.

मध्येच त्याला जाग आली. घड्याळ पाहिलं. दीड.

किर्र…

आवाज मिटलेल्या पेटीतून.

किर्र…

बशीर उठून बसला. अनीस जागाच होता. ओठांतल्या ओठांत मोजत होता.

पाच… सहा… सात…

मग अर्धा.

शांत.

टिक. टिक. टिक.

बशीरनं कंदील वर केला. "अनीस…"

"त्यानी पेटी सोडी नही, भाई… मी बोटं… एकेक बोट…"

आणि तो आपल्याच मुठीची बोटं एकेक करून उलगडू लागला.

बशीरनं दार उघडलं. बाहेर बोट दाखवलं. अनीस गेला. त्यानंतर नंदुरबारात तो कुणाला दिसला नाही.

उजाडेपर्यंत दोघं पेटीपासून दूर, भिंतीला पाठ लावून बसले. हात कुणी लावला नाही.

आठच्या सुमाराला चुनीलाल शेठ आला. झाकण त्यानंच उघडलं, कान लावला आणि खूश होऊन मखमलीच्या कोपऱ्यातून काहीतरी उचललं.

"वा बशीरभाई, मूळनी चावीबी सापडनी! पन तिनी दोरी कशी काय ओली शे?"