चौथा खिळा मावशीचा नव्हता

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझी हरकत नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात हे घडलं आणि मावशी अजून त्याच घरात राहते. म्हणून तिचं नाव आणि पत्ता देत नाही.

तिसरा मजला. जिना चढून गेलं की डाव्या हाताचं शेवटचं दार. बाहेरची खोली, आतली खोली, आणि एक माणूस उभा राहिला की भरून जाणारं स्वयंपाकघर.

सुरुवात झाली तो सोमवार होता. संध्याकाळचे सव्वासहा.

पण आधी मावशीबद्दल सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मावशी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. पुढे काउंटरवर नाही, मागच्या खोलीत, मशीनवर. तीस वर्षं झाली. काच केसभर इकडची तिकडे झाली तरी तिच्या बोटांना कळतं. दुकानातली माणसं तिला दुर्बीण म्हणतात. अर्थात तिच्या पाठीमागे.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्या सव्वीस वर्षांत काकांनी तिला घरात एक खिळा ठोकू दिला नाही.

"भिंत खराब होते," एवढंच म्हणायचे.

तिने कॅलेंडर लावलं, दुसऱ्या दिवशी ते गुंडाळी होऊन टेबलावर. तिने पिवळा पडदा शिवला, तो घडी होऊन कपाटात. काका कधी ओरडले नाहीत. आवाजसुद्धा चढायचा नाही. नुसतं काढून ठेवायचे.

"ओरडला असता तर मीही ओरडले असते गं," मावशी म्हणायची. "या माणसाने मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही."

त्रेपन्नाव्या वर्षी तिने बॅग भरली आणि निघाली. काकांना नवा पत्ता दिला नाही.

नव्या घरी तिने पहिली वस्तू आणली ती हातोडी.

आतल्या खोलीच्या दाराशेजारी मोठी रिकामी भिंत होती. तिथे तिने तीन गोष्टी लावल्या. डोळे तपासायचा जुना तक्ता. दुकानात मशीन आल्यावर तो अडगळीत पडला होता, तो ती मागून घेऊन आली. मग तिने नऊ वर्षांची असताना पुठ्ठ्यावर काढलेला घोडा. माझ्या आईने तो इतकी वर्षं जपून ठेवला होता. सगळे त्याला शेळीच म्हणायचे. आणि तिसरी गोष्ट तिने स्वतः बनवली. घासताना बिघडलेल्या सतरा काचा तारेत ओवून त्यांची एक झालर केली. दुपारी खिडकीतून ऊन आलं की त्या काचांवरून परतून समोरच्या भिंतीवर उजेडाची सतरा वर्तुळं पडायची.

रविवारी हे सगळं लावून झालं. मावशी खुर्ची ओढून समोर बसली आणि तासभर उठलीच नाही. मला फोन करून म्हणाली, "ये एकदा. माझं घर बघून जा."

सोमवारी सव्वासहाला ती कामावरून परतली. कुलूप उघडलं. दिवा लावला.

भिंत रिकामी होती...

तिन्ही वस्तू खाली जमिनीवर होत्या. पडलेल्या नव्हत्या. भिंतीला टेकवून नीट उभ्या केलेल्या. तोंडं भिंतीकडे.

आणि त्यांच्यापुढे तीन खिळे. एका रेषेत. एकही वाकलेला नाही.

मावशीच्या डोक्यात पहिलं नाव काय आलं असेल, ते सांगायला नको. तिने तिथल्या तिथे काकांना फोन लावला.

"माझ्या घरात शिरायची हिंमत कशी झाली तुमची?"

"कुठल्या घरात?" काकांचा आवाज नेहमीसारखाच थंड. "तू कुठे राहतेस, हे तरी मला सांगितलंस का?"

तिने फोन आपटला. तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लीवाल्याला बोलावून तिने कुलूप बदललं. दोन्ही किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. खिळे पुन्हा ठोकले, या वेळी आणखी खोल.

संध्याकाळी...

तीन वस्तू खाली. तोंडं भिंतीकडे. तीन खिळे एका रेषेत.

नवं कुलूप जसंच्या तसं.

मावशी घाबरली नाही. ती मला हे नेहमी ठासून सांगते. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. ती तशीच, चपला न घालता, खाली घरमालकीणबाईंच्या दारात गेली. त्या पहिल्या मजल्यावर एकट्याच राहतात. सत्तरीच्या असतील. मावशी त्यांना काकू म्हणते.

"काकू, माझ्या घरात कोण शिरतं?"

"मला काय विचारता? किल्ली तुमच्याकडे."

"एक तुमच्याकडेही होती."

"कुलूप तुम्हीच बदललंत ना सकाळी? मला न विचारता?" काकू म्हणाल्या. "मग माझी किल्ली काय कामाची?"

मावशी दारातून हलली नाही.

"आणि झालंय तरी काय एवढं?"

"भिंतीवर लावलेलं कुणीतरी काढून ठेवतंय."

काकूंच्या हातात भाजीची पिशवी होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"कुठल्या भिंतीवर?"

"आतल्या खोलीच्या दाराशेजारी."

"तिथे नका लावू."

"का?"

"नका लावू म्हणते ना. दुसऱ्या भिंती नाहीत का?"

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या... अगदी काकांसारख्या. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वर आली आणि त्याच भिंतीवर, त्याच भोकांमध्ये, पुन्हा तिन्ही खिळे ठोकले. खालपर्यंत ऐकू जावं म्हणून मुद्दाम जोरात.

बुधवारी पुन्हा खाली. गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी पुन्हा.

ती रोज लावत राहिली.

रविवारी तिने ठरवलं, आज घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाहेरचं दार आतून लावून घेतलं आणि खुर्ची भिंतीसमोर ठेवून ती बसली. हातोडी मांडीवर.

सकाळी काही झालं नाही. जेवण झालं. दोन वाजले.

तीन वाजता ऊन आलं. समोरच्या भिंतीवर वर्तुळं उमटली. मावशीला मोजायची सवय.

सोळा होती...

तिने पुन्हा मोजली. सोळाच. काचा सतराच्या सतरा जागेवर होत्या. मधे काहीच नव्हतं.

मग कडेचं वर्तुळ परत उमटलं, आणि त्याच्या शेजारचं विझलं.

मग त्याच्या पुढचं.

कुणीतरी उन्हातून चालत होतं. अगदी सावकाश. आतल्या खोलीच्या दाराकडून... तक्त्याकडे.

पंखा बंद होता. रस्त्यावरची वर्दळही बंद झाल्यासारखी. मावशीला फक्त एक बारीक आवाज ऐकू येत होता. लोखंडावर विटेची भुकटी घासल्याचा.

तक्त्याचा खिळा बाहेर येत होता.

त्याला कुणी ओढत नव्हतं. तो आतून ढकलला जात होता. थोडा... मग थांबून आणखी थोडा...

मावशी उठली. आधी आतल्या खोलीत जाऊन तिने त्याच भिंतीची दुसरी बाजू पाहिली. कुणी नाही. सपाट भिंत, रंगाला साधा ओरखडा नाही. ती परत आली आणि बाहेर आलेल्या खिळ्यावर तिने हातोडी घातली. खिळा आत गेला.

पलीकडून तेवढ्याच जोराचा ठोका आला. खिळा पुन्हा बाहेर.

तिने परत ठोकला. तो परत आला.

तेव्हा मावशी ओरडली. सव्वीस वर्षांत ओरडली नव्हती, तेवढी.

"कोण आहेस तू? माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही! पुष्कळ ऐकलं मी! तुला काही लावायचं असेल तर तुझं आण आणि लाव! माझं काढायचं नाही!"

खिळा तिथेच थांबला.

तिने हातोडी खाली ठेवली नाही. रागाने, असं ती म्हणते.

समोर सतरा वर्तुळं होती. सगळी.

त्यानंतर आठ दिवस काही झालं नाही. वस्तू जागच्या जागी राहिल्या. मावशीला वाटलं, जिंकले. दुकानात कुणालातरी तिने पेढे वाटल्यासारख्या थाटात सांगितलंसुद्धा, "आमच्या भिंतीशी समझोता झालाय."

पुढच्या मंगळवारी ती घरी आली.

भिंतीवर चार वस्तू होत्या...

घोड्याच्या शेजारी एक नवा खिळा आला होता. उलटा. टोक खोलीकडे. म्हणजे भिंतीच्या आतून कुणीतरी तो ठोकला होता.

आणि त्या टोकाला दोऱ्याने एक लोखंडी कडी बांधलेली. दाराला लावतात तशी, आडव्या सरकत्या दांड्याची. स्क्रू तसेच होते. त्या स्क्रूंना लाकडाच्या ढलप्या चिकटलेल्या. जणू ती कडी कुणी उघडली नव्हती, उखडली होती.

मावशी जवळ गेली. मग तिने आतल्या खोलीच्या दाराच्या बाहेरच्या अंगावरून बोटं फिरवली. रंग गुळगुळीत होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण तिची बोटं काचा घासणारी.

तिला चार खड्डे लागले. पुट्टी भरून बुजवलेले, वरून रंग दिलेले. कडीच्या चार भोकांच्या बरोबर मापाचे.

आतल्या खोलीला कडी. बाहेरून.

त्या रविवारी तिने काकूंना वर बोलावलं. काकूंनी भिंतीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही... ही मी स्वतः भंगारात दिली होती. चाळीस वर्षं झाली."

"कुणाला कोंडत होतात?"

"कोंडत नव्हतो. तिच्या भल्यासाठीच होतं सगळं. तेव्हा तसंच करायचे लोक."

"कुणाच्या भल्यासाठी? कोण होती ती?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही भाडेकरू आहात. काढा ते आधी."

"मी नाही काढणार," मावशी म्हणाली. "तिची वस्तू आहे. तिने लावलीय."

"मग मी काढते!" काकूंनी हात पुढे केला, पण त्या टोकाजवळ जाताच झटका बसल्यासारखा मागे घेतला. मग त्या तरातरा आतल्या खोलीत गेल्या. "आत काय काय लावून ठेवलंय, तेही बघते..."

दार बंद झालं.

आपटलं नाही. कुणीतरी हळुवारपणे लोटावं तसं. आणि मग एक छोटासा आवाज... कट्ट.

त्या दाराला बाहेरून कडी नव्हती. आतूनही नव्हती. नुसती फिरवायची मूठ. ती फिरत होती, पण दार हलत नव्हतं.

काकू आतून ओरडायला लागल्या. दार बडवायला लागल्या. "उघडा! ताई, उघडा हो! अंधार आहे इथे!"

दुपारचे तीन वाजले होते. त्या खोलीला मोठी खिडकी आहे.

मावशीने दाराला खांदा लावला. ढकललं. उपयोग झाला नाही. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. टांगलेल्या कडीचा दांडा सरकून बंद झाला होता. तिने तो हाताने मागे सरकवला, आणि दार उघडलं.

काकू भिंत धरत बाहेर आल्या. तशाच खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार बोलावून स्वतःच्या घरातल्या प्रत्येक आतल्या दाराची कडी काढून टाकली. त्यानंतर त्या तिसऱ्या मजल्यावर आलेल्या नाहीत. कोंडलेली ती बाई कोण होती, त्यांची नणंद, जाऊ, की आणखी कुणी, ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

घरात सगळ्यांना हे असंच माहीत आहे. मलाही असंच माहीत होतं.

गेल्या महिन्यात मी मावशीकडे गेले होते. आम्ही दोघी त्या भिंतीसमोर बसलो होतो. मी सहज म्हटलं, "बरं झालं, तुझं कडीकडे लक्ष गेलं."

मावशी चष्मा पुसत होती.

"लक्ष लगेच गेलं होतं," ती म्हणाली. "दार बंद झालं, त्याच क्षणी."

"मग?"

"मग काही नाही. उभी राहिले."

"आणि खांदा लावलास, ते?"

"ते लोकांना सांगायला म्हणून."

मी विचारलं, "किती वेळ उभी होतीस, मावशी?"

"काकूंचा आवाज बसेपर्यंत." तिने चष्मा उजेडात धरून पाहिला. "मी आणखीही थांबले असते. पण दांडा आपोआप मागे सरकायला लागला. तिलाच दया आली. म्हटलं, आता एवढी उभीच आहे, तर हात लावू."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघून हसली. नेहमीसारखी. प्रेमाने.

"पाणी हवंय का? आतल्या खोलीत माठ आहे बघ. घे जा."

तहान नाही, असं मी म्हटलं. घसा पार कोरडा पडला होता.